मठ उजव्या हाताला

खोली दाखवण्याआधी काकांनी माझे बूट बघितले.

मेलबर्नच्या क्लेटन उपनगरात मी पाहिलेलं ते सहावं घर. आधीच्या पाच ठिकाणी कुणी पासपोर्ट मागितला होता, कुणी युनिव्हर्सिटीचं पत्र, एका बाईंनी तर मी अंघोळीला किती मिनिटं लावते हेही विचारून घेतलं होतं. काकांना यातलं काहीच नको होतं. त्यांनी दारातच चष्मा कपाळावर चढवला, खाली वाकले आणि म्हणाले, "टाच वर कर." मी भिंतीला धरून एक पाय उचलला. त्यांनी बुटाचा तळ अंगठ्याने दाबून पाहिला.

"हा बूट नाही, पापड आहे. दुसरे घ्यावे लागतील. रविवारी मोकळी असतेस ना?"

"हो, पण का?"

"मग खोली तुझी."

आतून काकूंचा आवाज आला, "अहो, तिला निदान खोली तरी बघू द्या!"

ती विद्यार्थ्यांच्या लाटेची वर्षं होती. दर आठवड्याला आमच्यासारखी पोरं-पोरी विमानं भरभरून येऊन उतरत होती. क्लेटनमधल्या घराघरांत हॉलमध्ये गाद्या पसरलेल्या, एकाच फ्रिजमध्ये सात जणांच्या दुधाच्या बाटल्या आणि प्रत्येक बाटलीवर मार्करने नाव. काकांच्या घरात सहज आठ जणी मावल्या असत्या. त्यांनी तिघीच ठेवल्या होत्या, कारण गाडीत मागे तिघीच मावतात. गाडी काकू चालवायच्या. काका शेजारी बसून रस्ता सांगायचे आणि काकू त्यांचं काहीही न ऐकता बरोबर पोहोचायच्या.

कुठे पोहोचायच्या, तर मठात. मेलबर्नपासून दीड तासावर, टेकड्यांच्या मधोमध, ख्रिस्ती साधूंचा एक जुना दगडी मठ आहे. त्याच्या भोवतीने, साधूंची जमीन आणि शेजारच्या गाईवाल्यांची कुरणं ओलांडत, साडेनऊ किलोमीटरची एक पायवाट जाते. रस्त्यावर 'ऐतिहासिक मठ' अशी तपकिरी पाटी आहे. पहिल्यांदा ती पाहून मला हसू आलं. म्हटलं, "काका, शंभर-सव्वाशे वर्षांत कसला इतिहास? आमच्या नाशिकच्या गल्लीतली पिठाची गिरणी याच्याएवढी जुनी असेल."

"गिरणीला कधी फेरी घातलीस?"

"नाही."

"मग बूट बांध."

काका मूळचे त्र्यंबकचे. मी नाशिकची म्हटल्यावर त्यांनी मला ताबडतोब शेजारीण ठरवून टाकलं होतं. लहानपणापासून श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी चुकली, असं त्यांचं एकही वर्ष गेलं नव्हतं. मग ते इथे आले, पाणीखात्यात नळांचे मीटर वाचायच्या नोकरीला लागले आणि पहिला श्रावण कडाक्याच्या थंडीत, घरात हीटरसमोर बसून काढला. काकू सांगायच्या की त्या महिन्यात ते जेवणाच्या टेबलाभोवती फिरायचे. शेवटी कंटाळून काकूंनीच कुठूनतरी या मठाचा पत्ता काढला आणि "जा, याच्याभोवती फिरा, माझ्या टेबलाभोवती नको" म्हणून त्यांना तिथे नेऊन सोडलं. त्याला तेव्हा वीस वर्षं होऊन गेली होती.

त्या वाटेवर जागोजाग खांबांना पिवळे बाण लावलेले आहेत. सगळे लोक बाणांच्या दिशेने चालतात. तसं चाललं की मठ पूर्णवेळ डाव्या हाताला राहतो. काकांना हे पहिल्याच दिवशी खटकलं. प्रदक्षिणेत देव उजव्या हाताला हवा, मग तो देव कुणाचाही असो. त्यामुळे गेली वीस वर्षं ते बाणांच्या बरोबर उलट चालत होते, आणि समोरून येणारा प्रत्येक माणूस त्यांना सांगत होता, "मेट, यू आर गोइंग द राँग वे."

"नो वरीज," काका म्हणायचे, "यू टू."

त्या सगळ्या लोकांना ते 'बाणवाले' म्हणायचे. उलट चालण्याचा एक फायदा मात्र खरा होता. बाणवाल्यांना एकमेकांच्या पाठी दिसायच्या. काकांना सगळ्यांचे चेहरे दिसायचे. कुणाचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, कुणाचा कुत्रा गेला, कुणाच्या मुलीला मुलगा झाला, सगळं त्यांना ठाऊक. खिशात गूळ-शेंगदाण्यांची पुडी असायची आणि भेटेल त्याच्या हातावर ते चार दाणे ठेवायचे. लोकही गुपचूप खायचे.

वसंतात, म्हणजे तिकडच्या सप्टेंबरात, मॅगपाय पक्षी पिल्लं राखायला माणसांच्या डोक्यावर झेप घेतात. इतर लोक टोपीला मागून डोळ्यांची चित्रं चिकटवतात. काका काकूंचं छोटं ॲल्युमिनियमचं तपेलं डोक्यावर पालथं घालून त्यावर टोपी घालायचे आणि हनुवटीखाली नाडी बांधायचे. पक्ष्याने टोच मारली की टण्ण आवाज व्हायचा आणि काका थांबून हात जोडायचे. आमची हैदराबादची रूममेट पहिल्यांदा हे पाहून माझ्या कानात म्हणाली, "यार, हम किसके घर में रह रहे हैं?" पुढच्या रविवारी तिने स्वतःसाठी पातेलं मागून घेतलं. काकूंच्या घरात सप्टेंबरभर भात करायला भांडं नसायचं.

काकू स्वतः कधीच चालल्या नाहीत. कारपार्कमध्ये सायप्रसच्या झाडाच्या सावलीत खुर्ची टाकून त्या मटार सोलत बसायच्या. "मी ड्रायव्हर आहे, भक्त नाही," म्हणायच्या.

आणि एवढी वीस वर्षं फेऱ्या घालून काका मठाच्या आत एकदाही गेले नव्हते. दारावर बसणारे एक म्हातारे ब्रदर त्यांचे दोस्त होते. ते एकदा माझ्यासमोरच म्हणाले, "तू इतकी वर्षं आमच्याभोवती फिरतोस, कधीतरी आत ये की." काका म्हणाले, "आतलं तुम्ही बघताय ना? मग बाहेरचं मी बघतो." ब्रदर इतके हसले की त्यांना खोकला आला.

काकांचे नियम दोनच. मठ उजव्या हाताला, आणि गेट जसं दिसेल तसंच ठेवायचं. वाटेत गाईंच्या कुरणाची तीन गेटं लागतात. कुरणाला तिकडे पॅडक म्हणतात. उघडं दिसलं तर उघडं ठेवायचं, बंद दिसलं तर पलीकडे जाऊन पुन्हा बंद करायचं. आपली अक्कल चालवायची नाही. हे काका दर रविवारी गाडीत सांगायचे आणि आम्ही तिघी मागच्या सीटवर त्यांच्याबरोबर तालात म्हणायचो.

तरीही मी ते गेट लावलं.

डिसेंबरातला रविवार होता, उन्हाने डोकं तापलेलं. मी सगळ्यांच्या बरीच पुढे होते आणि कानाला फोन होता. नाशिकहून आई बोलत होती. वरच्या पॅडकमधून खालच्या पॅडकमध्ये जायचं मधलं गेट सताड उघडं होतं. आई म्हणत होती, "आज पुन्हा कुणीतरी फाटक उघडं टाकलं आणि गाय आत येऊन माझी सगळी शेवंती खाऊन गेली." लहानपणापासून मी या एका गोष्टीवरून जितकी बोलणी खाल्ली आहेत तितकी अभ्यासावरूनही खाल्ली नसतील. आमच्याकडे फाटक उघडं टाकणारं माणूस म्हणजे वाया गेलेलं. आईचा तो आवाज कानात, समोर उघडं फाटक, आणि मागे वीस-पंचवीस गाई. माझ्या हातांनी मला न विचारता ते ओढलं, साखळी अडकवली आणि मी बोलत बोलत पुढे गेले. वर जरा बरंही वाटलं, आपण आज काहीतरी शहाणपणाचं केलं म्हणून.

मागून काका आले, बाकीच्या दोघींबरोबर. त्यांना गेट बंद दिसलं, म्हणून पलीकडे जाऊन त्यांनी ते पुन्हा बंद केलं. दिवसभरात जेवढे बाणवाले आले त्या सगळ्यांनीही तेच केलं असणार. नियमच तसा होता.

गाई वर, आणि पाण्याची टाकी खालच्या पॅडकमध्ये. दोन दिवस चाळीसच्या वर पारा. तिसऱ्या दिवशी सकाळी गाईंनी कुंपण मोडलं आणि पाण्याच्या वासाने थेट मठात घुसल्या. ब्रदरनी काकांना फोन करून सांगितलं ते असं, की सकाळच्या प्रार्थनेला दार उघडलं तर अंगणातल्या माशांच्या हौदाभोवती अख्खा कळप, हौद कोरडा ठण्ण, तळातले मासे धावत जाऊन बादलीत काढावे लागले आणि लेट्युसचा वाफा साफ. ब्रदरना एकूण मजा वाटली होती. गाईवाल्या बाईंना नव्हती.

पुढच्या रविवारी गाई खाली पाण्याकडे हलवल्या होत्या, त्या मधल्या गेटला कुलूप होतं, 'चालणाऱ्यांना प्रवेश बंद' अशी पाटी होती आणि बाई स्वतः आपल्या युटला, म्हणजे मागे उघडा हौदा असलेल्या गाडीला, टेकून उभ्या होत्या. साठीच्या, उन्हाने रापलेल्या, हातात काठी. त्यांच्या जमिनीतून वाट जात होती ती त्यांच्या वडिलांनी कधीकाळी हो म्हटलं होतं म्हणून. त्या नाही म्हणाल्या की फेरी तुटली.

"तुमच्या मुलींपैकी कुणी लावलं का हे गेट?" त्यांनी सरळ काकांना विचारलं.

काकांनी टोपी काढली. "माझ्या मुली असं करणार नाहीत. मी शब्द देतो."

मी त्यांच्या मागे चार पावलांवर उभी होते. तोंड उघडलंच नाही. खोटं कशाला सांगू, मी भ्याले. त्या काळी आम्हा विद्यार्थ्यांना एकच भीती होती, ती म्हणजे व्हिसाची. ट्रेनमध्ये तिकीट सापडलं नाही तरी वाटायचं, झालं, आता घरी पाठवणार. कुणाच्या गाई तहानेने व्याकूळ केल्या हे कळलं तर पोलीस येतील, युनिला पत्र जाईल, बाबांनी कर्ज काढून पाठवलेली मुलगी पहिल्याच वर्षी परत. आणि त्याहून मोठी भीती म्हणजे काकांचा चेहरा.

बाई म्हणाल्या, "मग ज्याने लावलं तो येऊन सांगेपर्यंत कुलूप राहील." आणि निघून गेल्या.

मला वाटलं काका आता फेरी सोडतील. काका गेटसमोर जरा वेळ उभे राहिले, विचार केला आणि एकदम खूश झाले. "अरे, महादेवाला तरी आपण पूर्ण प्रदक्षिणा कुठे घालतो? पन्हाळीपर्यंत जायचं, पाणी ओलांडायचं नाही, आल्या वाटेने परत फिरायचं आणि दुसऱ्या बाजूने पन्हाळीपर्यंत यायचं. पाणी खालीच आहे. हीच पन्हाळ समजायची!"

शास्त्र बरोबर होतं, पण हिशेब भयंकर होता. या गेटापर्यंत येऊन परत कारपार्कला, मग बाणांच्या बाजूने निघून त्याच गेटाच्या पलीकडच्या अंगापर्यंत, आणि पुन्हा परत. म्हणजे एका फेरीच्या जागी बरोबर दोन. हैदराबादची दुसऱ्या रविवारी आजारी पडली आणि आमच्यातल्या तिसरीला अचानक असाइनमेंट आली. राहिलो मी आणि सत्तरीचे काका.

तीन रविवार आम्ही असे चाललो. समोरून भेटेल त्या बाणवाल्याला थांबवून काका गेटांचं महत्त्व समजावून सांगायचे. कारण गेट त्यांच्यापैकीच कुणीतरी लावलं, याबद्दल त्यांची खात्री होती. "बाण बघून चालणारी माणसं," मला म्हणायचे, "गेट कुठे बघणार?" एका बिचाऱ्या नर्सबाईंना तर त्यांनी वीस मिनिटं उन्हात उभं केलं. त्या हातातले शेंगदाणे खात ऐकत राहिल्या आणि शेवटी सॉरी म्हणाल्या. त्या सॉरी म्हणाल्या तेव्हा मला जमीन दुभंगावी असं वाटलं.

तिसऱ्या रविवारी काकांचा गुडघा सुजला. गेटाच्या पलीकडच्या अंगाला, निलगिरीच्या एका पडलेल्या खोडावर बसून ते तो दोन्ही हातांनी चोळत होते आणि वर मलाच गूळ देत होते. "दमलीस का गं? थोडंच राहिलंय." खाली मठाची दुपारची घंटा वाजायला लागली.

"काका, गेट मी लावलं."

त्यांनी ऐकलं. गुडघ्यावरचे हात थांबले. घंटा संपेपर्यंत मी रडत होते. मग त्यांनी विचारलं, "का लावलंस?"

मी आईचा फोन सांगितला, शेवंती सांगितली, फाटकावरून खाल्लेली बोलणी सांगितली.

"हं," काका म्हणाले. "मी पहिल्यांदा इथे आलो तेव्हा मीही लावलं होतं. हेच गेट. त्र्यंबकला आमच्या अंगणातही गाई घुसायच्या. त्या दिवशी पॅडकमध्ये गाई नव्हत्या, एवढंच माझं नशीब. तुला काय वाटलं, नियम मला स्वप्नात दिसला?"

मला रडता रडता हसू आलं. पण ते हसत नव्हते. ते उठले, टोपी नीट केली आणि म्हणाले, "मला सांगून काय उपयोग? गेट माझं नाही. चल."

बाईंचं घर तिथून पाऊण किलोमीटरवर. काका लंगडत चालले होते आणि हात धरू देत नव्हते. दारात दोन कुत्रे भुंकत आले. काका पायरीखालीच थांबले. "आधी तुझं तू सांग. मग मी माझं सांगतो."

"तुमचं काय?"

"मी शब्द दिला होता. तो परत घ्यायला नको?"

बाई बाहेर आल्या तेव्हा मी माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत सगळं सांगितलं. बाई कुत्र्यांना आवरत ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "तुमच्याकडे गाई रस्त्यावर असतात आणि बागा आत?"

"हो."

"आणि गाय बाहेर ठेवायला गेट लावतात."

"हो."

त्या मागे वळून आतल्या कुणालातरी ओरडून म्हणाल्या, "ऐकलंस का? यांच्याकडे माणसांना कुंपण घालतात!" आतून कुणीतरी हसलं. तेवढ्यात काका दोन पायऱ्या चढून वर आले. टोपी हातात. "मॅडम, मी तुम्हाला चुकीचा शब्द दिला. आय टेक इट बॅक. सॉरी." वीस वर्षांत कुणी राँग वे म्हटलं तरी ढिम्म न हलणारा हा माणूस माझ्यामुळे तिथे मान खाली घालून उभा होता. ते मी अजून विसरलेले नाही.

बाईंनी आधी त्यांच्या गुडघ्याकडे बघितलं, मग आत जाऊन थंड पाणी आणलं आणि मग किल्ली. "एका अटीवर," म्हणाल्या. "तुम्ही ते उलटे चालणारे ना? सगळ्यांना समोरून भेटता. मग दर रविवारी तिन्ही गेटं बघत जायची आणि काही वेगळं दिसलं तर मला फोन करायचा." काकांनी घाईघाईने होकार दिला, जणू त्या मागे घेतील. त्या संध्याकाळी काकूंनी त्यांच्या गुडघ्याला लेप लावताना आम्हा दोघांनाही एकाच पट्टीत झापलं. पुढच्या रविवारी काकांनी त्या नर्सबाईंना शोधून त्यांची माफी मागितली आणि अख्खी पुडी देऊन टाकली.

त्यानंतर गेटाची शिस्त माझ्या अंगात इतकी मुरली की पहिल्या सुट्टीत नाशिकला गेले तेव्हा आमचं फाटक उघडं दिसलं आणि मी ते उघडंच ठेवलं. आईची नवी शेवंतीही गेली. काकांना फोनवर सांगितलं तर ते पाच मिनिटं नुसते हसत होते.

पुढे मी शिकले, नोकरी लागली, पीआर म्हणजे कायम राहायची परवानगी मिळाली, आता शहराच्या दुसऱ्या टोकाला पॉइंट कुकला घर आहे. काकांचे गुडघे मात्र दोन्ही गेले. गेल्या श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी मी सुट्टी काढली आणि दोघांना घेऊन मठात गेले. या वेळी गाडी मी चालवली. काका शेजारी बसून रस्ता सांगत होते आणि मागच्या सीटवरून काकू म्हणाल्या, "ऐकू नकोस, बरोबर पोहोचशील." कारपार्कमध्ये सायप्रसखाली दोन खुर्च्या टाकल्या. काकूंनी मटार काढले आणि अर्धे काकांच्या पुढ्यात सरकवले. त्यांनी निमूटपणे सोलायला घेतले. मला ते बघवेना, म्हणून मी बूट बांधायला वाकले.

"टाच वर कर," काका म्हणाले.

मी पाय उचलला. त्यांनी वाकायचा प्रयत्न केला, जमलं नाही, मग मीच पाय खुर्चीवर ठेवला. त्यांनी अंगठ्याने तळ दाबून बघितला आणि मान डोलावली.

मी एकटीच चालले, मठ उजव्या हाताला ठेवून. वाटेत दोघा बाणवाल्यांनी मला राँग वे म्हणून सांगितलं. त्यांच्या हातावर मी शेंगदाणे ठेवले. अडीच तासांनी परत आले तेव्हा मटार कधीच संपले होते आणि काका वाटेकडे डोळे लावून बसले होते.

"मधलं गेट कसं होतं?"

"उघडं."

"आणि?"

"उघडंच ठेवलं."

काकांनी तिथूनच, खुर्चीत बसल्या बसल्या, मठाकडे बघून हात जोडले.

"मग झाली माझी फेरी," ते म्हणाले.